सगळ्यांचं उत्तर २७.०

मागच्या पावसाळ्यात आमच्या सरकारी रुग्णालयात एक आजी दाखल होत्या. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या. विडीला कधी हात न लावताही फुप्फुसं विडी ओढणाऱ्यासारखी झालेली. या आजाराला आम्ही सीओपीडी म्हणतो. अशा रुग्णाला ऑक्सिजन द्यावा लागतो, पण बेताने: बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के दिसत राहील इतकाच. जास्त झाला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. आजींना नाकातल्या नळीने एक लिटर सुरू होता, ऑक्सिमीटर ९० दाखवत होता, त्या उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणजे सगळं ठीक होतं.

रात्री अडीचच्या सुमारास ड्युटीवरच्या रेसिडेंटने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये ९० हा आकडा भरला. उत्तराच्या रकान्यात आलं २७.०. हा रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब, मिलिमीटर पाऱ्यात. ६०च्या खाली गेला की आम्ही सावध होतो, २७ म्हणजे माणूस हातचा जाण्याची वेळ. धमनीतलं रक्त तपासायच्या यंत्राची कार्ट्रिज त्या रात्री संपलेली. त्याने मास्क लावला आणि ऑक्सिजन आठ लिटरवर नेला. पाऊण तासात आजी पेंगायला लागल्या. ऑक्सिमीटरवर आता ९९. त्याने ९९ भरलं. उत्तर पुन्हा २७.०. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, मशीन नव्वदचं नव्याण्णव झालं, तुमचा मोबाइल अजून सत्तावीसवरच कसा?"

मला फोन आला तो त्यानंतर. "मास्क काढ, नळीवर ये, बायपॅप लाव, मी निघाले," एवढंच सांगितलं. सकाळपर्यंत आजी हाक मारल्यावर ओ द्यायला लागल्या. मग मी, तो रेसिडेंट आणि अ‍ॅप लिहिणारा इंटर्न असे तिघं ड्युटी रूममध्ये बसलो. इंटर्नच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

हे अ‍ॅप करतं काय, ते आधी सांगते. हिमोग्लोबिन ही एसटी समजा. किती जागा भरल्या ती टक्केवारी ऑक्सिमीटर दाखवतो. फलाटावर गर्दीचा रेटा किती आहे तो दाब. रेटा दुप्पट झाला म्हणून भरलेल्या जागा दुप्पट होत नाहीत. आलेख तिरक्या इंग्रजी एससारखा वळतो. जॉन सेव्हरिंगहाउस या अमेरिकी भूलतज्ज्ञाने १९७९ मध्ये या वळणासाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं. दाबाला 'प' आणि भरलेल्या जागांना 'स' म्हटलं, तर ते असं मांडता येतं:

प³ + १५०प = २३४०० × स ÷ (१ − स)

दाबावरून टक्केवारी काढायची तर कॅल्क्युलेटर पुरतो. उलट जायचं तर घन समीकरण सोडवावं लागतं, आणि ते काम हे अ‍ॅप करत होतं. सहगुणकांचे चार रकाने, उत्तरांचे तीन, आणि वर 'स' भरायचा एक.

बिघाड शोधायची डॉक्टरांची पद्धत साधी असते: आधी जिथे उत्तर ठाऊक आहे तिथे तपासायचं. मी कागदावर ५० घेतले. त्याचा घन १,२५,०००. त्यात १५० गुणिले ५०, म्हणजे ७,५०० मिळवले, १,३२,५०० झाले. म्हणजे सहगुणक १, ०, १५० आणि उणे १,३२,५०० भरले, तर उत्तर ५० यायला हवं. आलं. खालच्या दोन रकान्यांत मात्र 'एनएएन', म्हणजे 'ही संख्याच नव्हे'. रेसिडेंट म्हणाला, "हाच बिघाड, मॅडम." तो बिघाड नव्हता. या समीकरणाची उरलेली दोन उत्तरं उणे २५ अधिक-उणे ४५आय, म्हणजे काल्पनिक भाग असलेली. ती शरीरात कुठे सापडणार नाहीत. तिथे 'वास्तव उत्तर नाही' असं लिहिलं असतं तर कुणी दचकलं नसतं.

म्हणजे गणित करणारा भाग निरोगी होता. आजार त्याच्या आधी आणि नंतर.

आधीचा असा. सूत्रातला 'स' अपूर्णांक आहे; ९० टक्के म्हणजे ०.९०. तसं भरलं की उजवी बाजू २,१०,६०० येते आणि उत्तर ५८.७. आजींचा दाब साधारण इतकाच असणार, आणि सीओपीडीच्या रुग्णाला तो चालतो. रेसिडेंटने ९० भरले. मग ९० भागिले उणे ८९, म्हणजे जवळजवळ उणे एक. ९९ भरले तर ९९ भागिले उणे ९८, तेही जवळजवळ उणे एक. टक्केवारीतला कोणताही नेहमीचा आकडा टाका, उजवी बाजू उणे तेवीस हजार सहाशेच्या आसपासच राहते आणि उत्तर येतं उणे २७.०.

उणे दाब पाहून पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही थांबला असता. पण उत्तराच्या रकान्यात चारच अक्षरं मावत होती, आणि डावीकडचं जास्तीचं कापलं जात होतं. कापलं गेलं ते उण्याचं चिन्ह. उरलेले २७ नेमके असे, की खरे वाटावेत.

मग आम्ही मुद्दाम चुका करून पाहिल्या. शून्याचा सहगुणक रिकामा सोडला, तर अ‍ॅप तो रकाना गाळून वर्गसमीकरण सोडवायचं. त्याचं उत्तर २९६.७. साध्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसात हा आकडा अशक्य आहे, पण पुढचे २ कापले जाऊन दिसायचे ९६.७, म्हणजे उत्तम तब्येत! 'स'च्या जागी पूर्ण १ टाकला की छेदात शून्य यायचं, आणि रकान्यात आधीच्या रुग्णाचंच उत्तर तसंच राहायचं. हे पाहून मी पाणी मागवलं.

इंटर्नने अ‍ॅप ०.८० आणि ०.९० टाकून तपासलं होतं, कारण त्याला अपूर्णांक टाकायचा हे माहीत होतं. रेसिडेंटला ते माहीत नव्हतं, आणि रकान्यावर फक्त 'एस' लिहिलेलं. हे सूत्र त्या मुलांना फळ्यावर लिहून दिलं होतं मी. 'एस म्हणजे सॅच्युरेशन' एवढं सांगून पुढे गेले होते. त्या आठवड्याच्या मृत्यू-गुंतागुंत बैठकीत पहिलं नाव मी माझं लिहिलं.

आता रकान्यावर 'टक्के' लिहिलं आहे, रिकामी जागा किंवा १०० वरचा आकडा अ‍ॅप घेत नाही, आकडा बदलला की जुनं उत्तर पुसलं जातं. दशांश चिन्ह मी काढायला लावलं. ऑक्सिमीटर स्वतःच दोन-तीन टक्क्यांनी चुकू शकतो. ९७ टक्क्यांना हे सूत्र ९१ दाब सांगतं आणि ९९ टक्क्यांना १३२. ताप असेल, रक्त आम्लधर्मी झालं असेल, तर सगळा आलेखच सरकतो. तिथे ५८.७ मधल्या ७ला काय अर्थ? वॉर्डात उपचार ठरवायला हे अ‍ॅप वापरायचं नाही, धमनीतलं रक्तच तपासायचं, हेही फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

करोनाकाळापासून ऑक्सिमीटर घरोघरी आले आहेत, म्हणून तुमच्यासाठी थोडं. त्या साथीत एका शेजाऱ्यांनी मला पहाटे उठवलं होतं: "डॉक्टर, बाबांचं ८६ झालंय!" बाबा मागे कुणाशी तरी चहावरून भांडत होते. मी म्हटलं, यंत्र उलटं धरलंय का बघा. उलटं धरलेलं ९८ हे ८६ दिसतं. आणि ८६ हे ९८ दिसतं, ते जास्त वाईट. पडद्यावर दोन आकडे असतात, त्यातला एक नाडीचा. कोणता कुठला ते चिन्ह पाहून ठरवा. नेलपेंट काढा, थंड बोट चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सावळ्या त्वचेवर काही वेळा यंत्र खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. डॉक्टरांना फोन कराल तेव्हा आकड्यासोबत ऑक्सिजन किती लिटर चालू आहे, रुग्ण पूर्ण वाक्य बोलतोय का, नेहमीपेक्षा झोपाळू आहे का, हेही सांगा. सीओपीडीच्या रुग्णाचा आकडा ९० दिसला म्हणून घरच्या कॉन्सन्ट्रेटरची कळ परस्पर वाढवू नका.

आजी पाचव्या दिवशी घरी गेल्या. पुढच्या ओपीडीला मुलाने मोबाइलवर कॉन्सन्ट्रेटरचा फोटो दाखवला. एक लिटरच्या खुणेवर आजींनी आपली लाल टिकली चिकटवून ठेवली आहे.