गरम पाणी हवेच, पण हवा मोकळी ठेवून

थंडीचे दिवस आले की प्रत्येक घरात पहाटेपासून गरम पाण्याची मागणी सुरू होते. फजरच्या वुजूला कोमट पाणी, शाळेला निघणाऱ्या मुलांची आंघोळ, जुम्म्याच्या दिवशी साऱ्या घराचे गुस्ल आणि घरात वडीलधारी माणसे असतील तर त्यांचे वेगळे पाणी. पूर्वी हे सारे काम चुलीवरचा हंडा किंवा तांब्याचा बंब करीत असे. बंब अंगणात असायचा, धूर आभाळात जायचा. आता त्याची जागा गॅस गीझरने घेतली आहे, आणि आग अंगणातून थेट बंद न्हाणीघरात आली आहे. या बदलाचा विचार आपण फारसा केलेला नाही. आम्हीही केला नव्हता.

आमच्या घरी गीझर बसवला तेव्हा फिटिंगवाल्याने तो बाथरूममध्येच, नळाच्या वर टांगला. पाइप कमी लागला, खर्च वाचला, आम्ही खूश झालो. बाथरूमला एक झडपांची खिडकी होती, पण ती समोरच्या घराच्या गॅलरीकडे उघडत होती. पर्द्याच्या दृष्टीने ते बरे वाटेना, शिवाय थंडी आत येई. म्हणून घरातल्या बायकांनी झडपांना पुठ्ठा लावून टाकला. त्यात चूक केली असे कोणालाच वाटले नाही.

महिनाभरात धाकट्या सूनबाईची तक्रार सुरू झाली. "अम्मी, आज पुन्हा डोकं गरगरतंय." कोणी म्हणाले थंडी बाधली, कोणी म्हणाले रक्त कमी आहे, कोणाला नजरेची शंका आली. गोळ्या झाल्या, दुवा झाली. पण हे डोके फक्त सकाळीच का दुखते आणि दुपारपर्यंत आपोआप का थांबते, हे कोणी विचारले नाही. एका सकाळी तीन मुलांना एकापाठोपाठ आंघोळ घालून ती स्वतः आंघोळीला गेली, आणि आत बादली पडल्याचा आवाज आला. हाका मारल्या, उत्तर नाही. कडी साधी होती म्हणून दार लवकर उघडले. मोकळ्या हवेत आणल्यावर तिने डोळे उघडले, दवाखान्यात ऑक्सिजन लावला गेला आणि अल्हम्दुलिल्लाह, ती बचावली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का?"

तेव्हापासून या यंत्राविषयी जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

गीझर आत काय करतो?

गॅस गीझर पाणी साठवत नाही. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा ढकलला जातो, त्याने एक छोटा स्विच दाबला जातो. मग दोन मोठ्या सेलवर चालणारी पेटी ठिणगी पाडते, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. वर तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून पाणी जाते व तापून बाहेर येते. ज्योतीजवळची एक बारीक सळई ज्योत आहे की नाही हे ओळखते. ज्योत नसेल तर काही क्षणांत गॅस बंद होतो.

ही ज्योत लहान नसते. मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे 1 किलो गॅस जाळतो, म्हणजे स्वयंपाकघरातील चार-पाच मोठे बर्नर एकाच वेळी पेटल्यासारखे. 1 किलो गॅस नीट जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. आता 5 फूट लांब, 5 फूट रुंद आणि 8 फूट उंच बाथरूम घ्या. त्यात 200 घनफूट हवा मावते, म्हणजे साडेपाच घनमीटरच्या आसपास. अर्ध्या तासाच्या ज्योतीला त्या खोलीतली सगळी हवा लागते, आणि त्याच हवेत माणूसही श्वास घेत असतो.

हवा पूर्ण संपायची गरजही नसते. ऑक्सिजन थोडा घटला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. तो वास न जळलेल्या गॅसचा. त्यामुळे "वास तर येत नाही" ही खात्री इथे कामाची नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मग चक्कर, मळमळ, हातापायांतले बळ जाते आणि दाराची कडी काढण्याचे भानही उरत नाही.

पुरुष पाच मिनिटांत आंघोळ उरकून बाहेर येतात. मुलांना आंघोळ घालणारी, तिथेच कपडे धुणारी बाई तासभर आत असते. म्हणून धोका तिला आणि लहान मुलांना जास्त. गर्भवती असेल तर पोटातल्या बाळालाही हा वायू फार घातक ठरतो.

बसवताना

पहिला नियम एवढाच, की गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा. मोकळी गॅलरी, मागचे अंगण, गच्चीवरचा आडोसा अशी जागा चालते. भिंतीतून फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणावा. पाइपाचे चार पैसे जास्त जातील, जाऊ द्यावेत. असे केल्यावर खिडकीला पर्द्यासाठी काहीही लावा, विषारी हवेचा प्रश्नच येत नाही. आम्ही शेवटी हेच केले.

बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. काचा लावून बंद केलेली गॅलरी ही खोलीच असते. थेट वाऱ्याच्या झोतात ज्योत विझते, म्हणून थोडा आडोसा हवा आणि वर पावसापासून छप्पर हवे. गीझर खोलीच्या खिडकीखाली नको, नाहीतर जळलेली हवा घरात शिरते. भिंतीवर तो सरळ उभा असावा, ज्योत दिसणारे भोक डोळ्यांच्या उंचीला असावे. पडदे, वाळत घातलेले कपडे, प्लास्टिक जवळ नको.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडर उभा, जमिनीच्या पातळीवर आणि मोकळ्या जागी ठेवावा. खड्ड्यात, तळघरात किंवा बंद कपाटात नको. रबरी नळी आयएसआय खुणेची, तारेची जाळी असलेली घ्यावी, दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि पाच वर्षांनी बदलावी. ही नळी भिंतीतून ओढू नये. अंतर जास्त असेल तर तांब्याचा किंवा लोखंडी पाइप जाणकाराकडून टाकून घ्यावा. घरी पाइपलाइनचा गॅस असेल तर त्यासाठीचाच गीझर हवा. सिलिंडरचा गीझर तिथे तसाच जोडता येत नाही, दोन्हींचे जेट वेगळे असतात.

पाण्याच्या बाजूला थंड पाण्याच्या तोंडाशी जाळी व बंद करायचा कॉक बसवावा. गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप मऊ पडतो, सीपीव्हीसी वापरावा. टाकी गीझरच्या वर किमान दोन-तीन मीटर हवी. वरच्या मजल्यावर गीझर पेटत नाही याचे कारण बहुधा हेच असते. जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी पेटवून गळती शोधू नये.

बिघडला तर

नळ सोडला आणि काहीच आवाज आला नाही, तर आधी सेल बदला. दोन्ही नवे आणि बाजू बरोबर. तरीही आवाज नसेल तर पाण्याचा दाब कमी आहे, जाळीत कचरा अडकला आहे किंवा आतला रबरी पडदा फाटला आहे. जाळी आपण धुऊ शकतो, पडदा मिस्त्रीने बदलावा.

टिकटिक होते पण पेटत नाही, तर गॅस पोहोचत नाही. रेग्युलेटर बंद असेल, सिलिंडर संपला असेल किंवा नवा लावल्यावर नळीत हवा असेल. नळ दोन-चारदा उघडबंद केल्यावर ही हवा निघून जाते. सिलिंडर संपत आला असेल तर कडक थंडीत गॅसचा जोर आणखी कमी होतो.

पेटतो आणि काही क्षणांत विझतो, तर ज्योत ओळखणाऱ्या सळईवर काजळी आहे, ती जागची हलली आहे किंवा सेल उतरले आहेत.

पाणी कोमटच येते, तर नळाची धार थोडी कमी करा आणि खालची बटणे हिवाळ्याच्या खुणेवर आणा. बोअरचे जड पाणी असेल तर वर्ष-दोन वर्षांत नळीत क्षार बसतात आणि पाणी तापत नाही. ते मिस्त्रीकडून साफ करून घ्यावेत.

आता चार खुणा अशा, की त्या दिसताच रेग्युलेटर बंद करावा आणि दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नये. ज्योत निळी नसून पिवळी किंवा लाल दिसणे. गीझरच्या वरच्या भागावर काजळी धरणे. पेटताना भप्प असा मोठा आवाज होणे. नळ बंद केल्यावरही ज्योत चालू राहणे. अशा गीझरवर "आजचा दिवस काढू" असे म्हणू नये.

गळतीचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, बंद असेल ते बंद आणि चालू असेल ते चालू राहू द्यावे. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि बाहेरूनच 1906 या क्रमांकावर कळवावे.

गीझर आतच असेल तर

भाड्याच्या घरात गीझर आतच असतो आणि मालक लगेच हलवून देत नाही, अशी अनेकांची अडचण आहे. तोवर एक सवय लावावी. दार आणि खिडकी उघडी ठेवून आधी बादल्या भरून घ्याव्यात, गीझर आणि रेग्युलेटर बंद करावा, थोडी हवा खेळू द्यावी, आणि मगच दार लावून आंघोळ करावी. शॉवर सोडून बसू नये. एकामागून एक आंघोळी करताना मध्ये दार उघडे ठेवावे. झडपांना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र लावू नये. पर्द्यासाठी बाहेरून तिरप्या पट्ट्या बसवाव्यात, नजर अडते आणि हवा चालते. आत कोणी असेल तर बाहेरच्याने दोन-तीन मिनिटांनी हाक मारावी आणि आतल्याने उत्तर द्यावे. मुलांना एकटे आत पाठवून कडी लावू देऊ नये.

कोणी आत पडल्याचे कळले तर आधी स्वतः श्वास रोखून दार उघडावे, गॅस बंद करावा, त्या व्यक्तीला अंगावर चादर टाकून लगेच मोकळ्या हवेत आणावे. कपडे घालण्यात वेळ दवडू नये, जीव आधी. 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना गॅस गीझरचे स्पष्ट सांगावे. बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र अशा वेळी आकडा चांगला दाखवते, त्यावर विसंबू नये.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले. ते कळल्यावर त्यांनी आग ही आपली शत्रू असल्याचे सांगून झोपण्यापूर्वी ती विझवण्याची शिकवण दिली. चौदाशे वर्षांपूर्वीची ही ताकीद आजच्या गीझरलाही तितकीच लागू आहे. तवक्कुल म्हणजे काळजी सोडणे नव्हे. आपल्या हातातले सारे करून मग अल्लाहवर भरवसा ठेवणे होय.

आमची सूनबाई आज ठीक आहे. तीच आता ओळखीच्या घरी गेली की आधी बाथरूमची खिडकी पाहते आणि पुठ्ठा दिसला तर स्वतःच्या हाताने काढते. आज संध्याकाळी आपणही आपल्या घरातली ती खिडकी एकदा पाहून घ्यावी. आणि घरातल्या कोणाचे डोके रोज आंघोळीनंतर दुखत असेल, तर गोळी देण्याआधी गीझर कुठे आहे ते विचारावे. अल्लाह सर्व घरांना आपल्या अमानमध्ये ठेवो. आमीन.