गाडी नगरवरून जाते

नगरच्या फलाटावर दिवसभर बसून राहिलं तर अर्ध्या देशाची नावं कानावरून जातात. बंगळूरुहून दिल्लीला निघालेली कर्नाटक एक्स्प्रेस, वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस, कोल्हापूर ते गोंदिया असं राज्य उभंआडवं कापणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस. आणि फौजींच्या काळ्या ट्रंका वर्षानुवर्षं वाहणारी पुणे–जम्मूतावी झेलम. नगर म्हणजे लष्कराचं गाव, रणगाड्यांचं शिक्षण देणारं. तेव्हा झेलमशी नगरकरांचं नातं घरच्यासारखं.

पण सकाळी उठून पुण्याला जायचं, दवाखान्याचं किंवा मंत्रालय सोडून कुठल्याही सरकारी कचेरीचं काम उरकायचं आणि रात्री भाकरी खायला घरी यायचं, असा साधा बेत असेल तर नगरचा माणूस या फलाटावर येत नाही. तो माळीवाड्याच्या नाहीतर तारकपूरच्या एसटी स्टँडवर जातो. गाडी नगरवरून जाते; नगरकरासाठी निघत नाही. या एका वाक्यामागे जवळजवळ दीडशे वर्षं आहेत.

ही लाइन मुळात टाकली कशासाठी, तिथून सुरुवात करावी लागेल. १८५३ साली बोरीबंदर–ठाणे गाडी धावली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे दोन हात सह्याद्री ओलांडून देशावर पसरले. एक बोरघाटातून पुणे, दौंड, सोलापूर असा आग्नेयेला. दुसरा थळघाटातून नाशिक, मनमाड, भुसावळ असा ईशान्येला. १८७१ मध्ये आग्नेयेकडचा हात रायचूरला मद्रास रेल्वेशी जोडला गेला. म्हणजे मद्रासचा माल उत्तरेत न्यायला लोखंडी वाट झाली खरी, पण ती कशी? दौंडहून पुणे, बोरघाट उतरून कल्याण, तिथून पुन्हा थळघाट चढून मनमाड. एक घाट उतरायचा तो दुसरा चढण्यासाठी. नकाशावर दौंड आणि मनमाड यांच्यात सरळ उभी रेघ मारली की हा सारा द्राविडी प्राणायाम वाचत होता. ती रेघ नगर जिल्ह्याच्या मधोमध जाते, हा नगरचा योगायोग.

रेघ कागदावरून जमिनीवर आली ती दुष्काळामुळे. १८७६ चा पाऊस गेला आणि दख्खनचे पूर्वेकडचे कोरडे तालुके उघडे पडले. नगर, पुणे, सोलापूर, विजापूर, सगळीकडे तीच गत. मुंबई सरकारचा कल मोठी कामं काढून माणसं कामाला लावण्याकडे होता आणि दौंड–मनमाडचा भराव हे त्यांतलं ठळक काम ठरलं. व्हाइसरॉय लिटन यांनी दुष्काळाची पाहणी करायला पाठवलेले सर रिचर्ड टेंपल १८७७ च्या सुरुवातीला आले आणि त्यांनी मजुरीला कात्री लावली. माणशी रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा, एवढ्यावर माणूस माती वाहू शकतो, असा त्यांचा हिशेब. लोकांनी हा हिशेब मानला नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी दुष्काळी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या, ‘सार्वजनिक काकां’च्या सभेनं, गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. मजुरांचं ते काम सोडणं म्हणजे उपाशी माणसांचा संपच होता.

दौंड–मनमाड स्टेट रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. लांबी सुमारे १४५ मैल, रूळ रुंद मापाचे, मार्ग एकेरी. पुढे ती जीआयपीच्या कारभारात गेली.

मनमाडहून खाली येताना अनकाईचे जोडकिल्ले मागे टाकून येवला लागतं, मग कोपरगाव. तिथून पुढे पाण्याची मोजदाद करत जायचं: गोदावरी, प्रवरा, राहुरीजवळ मुळा आणि अगदी शेवटी दौंडच्या तोंडाशी भीमा. वांबोरीनंतर गाडी चढाला लागते आणि विळदवरून नगरच्या पठारावर येते. पूर्वी इथे मालगाडी किती धापा टाकते यावरून ऊस किती भरलाय ते कळायचं, असं सांगणारे भेटतात. मी ते शंभर टक्के खरं धरत नाही, पण ऐकायला बरं वाटतं.

स्टेशनांची नावं नीट वाचली तर लाइनचा स्वभाव कळतो. श्रीगोंदा रोड, रांजणगाव रोड. ‘रोड’ लागलं की समजावं, गाव इथे नाही. इथून गावाला रस्ता जातो. कोपरगावचं स्टेशनही गावापासून काही किलोमीटर दूर. रेघ ओढणाऱ्याला दोन मोठ्या लाइनी जोडायच्या होत्या, गावं नाही. क्षेत्रफळानं हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. आणि संगमनेर, अकोले, नेवासे, शेवगाव, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांच्या गावांना दीडशे वर्षांत स्वतःचं स्टेशन मिळालं नाही.

अपवाद एकच, आणि तो फार गमतीचा. बेलापूर हे प्रवरेकाठचं जुनं गाव. स्टेशन पडलं त्याच्यापासून लांब, माळरानावर. १९२० च्या दशकात इकडे भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खेळू लागलं, उसाची शेती वाढली, बेलापूर कंपनीचा साखर कारखाना हरेगावला उभा राहिला आणि स्टेशनाभोवती आधी गाळे, मग पेढ्या, मग बाजारपेठ असं एक नवंच शहर वसलं. तेच श्रीरामपूर. इथे गावासाठी स्टेशन बांधलं गेलं नाही, स्टेशनासाठी गाव झालं. नाव मात्र फलाटावर आजही बेलापूरच. नव्या मुंबईच्या बेलापूरचं तिकीट काढून घोटाळा केलेल्यांच्या आणि श्रीरामपूर असं तिकिटावर शोधत बसलेल्यांच्या गोष्टी इथे घरोघरी आहेत. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा केला, मागोमाग इतर कारखाने आले आणि साखरेची पोती रेल्वेनं देशभर जाऊ लागली. जिल्ह्याचा उत्तर भाग रुळांनी आणि कालव्यांनी मिळून घडवला. यात माणसांच्या प्रवासाचा वाटा मात्र दुय्यम होता. नगरच्या बाबतीत रेल्वे आधी मालाची, मग लष्कराची, मग जमलंच तर उतारूची.

या मार्गावर धावलेली सर्वांत गाजलेली प्रवासी गाडी वेळापत्रकात नव्हतीच. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडलं आणि एका खास गाडीत घातलं. कुठे नेतायत ते कुणाला सांगितलं नव्हतं. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं. मुंबईच्या स्थानिक कार्यकर्त्यांची रवानगी येरवड्याला झाली. उरलेली गाडी दौंडवरून उत्तरेला वळली आणि नगरच्या स्टेशनात थांबली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव, असे कार्यकारिणीचे सदस्य तिथून मोटारीनं भुईकोट किल्ल्यात गेले आणि पुढची जवळजवळ तीन वर्षं तिथेच राहिले. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ याच किल्ल्यात १९४४ मध्ये लिहिलं गेलं. मुंबईहून थेट नगरला येणारी गाडी हवी, ही मागणी पुढे अनेकांनी केली. ही गाडी मात्र न मागताच आली.

नगर–पुणे हा सवाल मात्र सहा वर्षांनी रस्त्यानं सोडवला. १ जून १९४८ रोजी बॉम्बे स्टेट रोड ट्रान्सपोर्टची पहिली बस धावली, ती नगर आणि पुणे यांच्यात. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. वाटेत चास, सुपे, शिरूर. महाराष्ट्रातल्या एसटीचा जन्म याच रस्त्यावर झाला, आणि एसटीचा वर्धापनदिन आला की नगरकर हे सांगायला विसरत नाहीत. तिच्या ७४ व्या वाढदिवशी, १ जून २०२२ ला, ‘शिवाई’ ही विजेवरची पहिली एसटी निघाली तीही पुणे–नगर याच मार्गावर. (१ जूनमध्ये काहीतरी आहे खास. डेक्कन क्वीन १९३० मध्ये १ जूनलाच पुणे–मुंबई धावली, आणि याच दौंड–मनमाड लाइनीवरच्या पुणतांब्यातून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचा संप सुरू झाला तोही १ जूनला.)

सरकारला पहिल्या बससाठी हाच रस्ता का निवडावासा वाटला, याचं कारण भूगोलात दिसतं. नगरहून पुणं रस्त्यानं सुमारे १२० किलोमीटर. रेल्वेनं मात्र आधी ८४ किलोमीटर दक्षिणेला दौंडला जायचं, मग पश्चिमेला वळून आणखी ७५ किलोमीटर. बेरीज १६० च्या घरात. त्यात दौंड जंक्शनचा तिढा. लाइन अशी जोडली होती की सोलापूरकडून आलेली गाडी सरळ नगरकडे निघते, पण पुण्याहून आलेल्या गाडीचं तोंड उलट्या बाजूला. इंजिन काढायचं, मोकळ्या रुळावरून मागच्या टोकाला न्यायचं, जोडायचं, ब्रेक तपासायचे आणि निघायचं. वीस-पंचवीस मिनिटं चहावाल्यांच्या पथ्यावर. हा तिढाही १८७८ चाच: मद्रासच्या मालाला पुण्याला वळायचं नव्हतं, त्याला मनमाड गाठायचं होतं. पुणेकर-नगरकर उतारूचा विचार ज्या आराखड्यात नव्हता, त्या आराखड्याची किंमत तो उतारू सव्वाशे वर्षांहून जास्त काळ मोजत राहिला. अलीकडे दौंडबाहेरून कॉर्ड लाइन टाकली आणि इंजिन फिरवणं थांबलं. आता गाडी दौंडात न शिरता वळते.

एकेरी लाइनीचं दुःख वेगळं. समोरून मेल आली की पॅसेंजरनं बाजूच्या रुळावर उभं राहायचं. विसापूरला, सारोळ्याला, अकोळनेरला असं उभं राहून लोकांनी अख्खे दिवाळी अंक वाचून काढले असतील. आता मार्ग दुहेरी होतोय, वर विजेच्या ताराही आल्या.

शिर्डीचं प्रकरण लवकर आटोपतो. साईभक्त पूर्वी कोपरगावला उतरून टांग्यानं, मग मोटारीनं जात. २००९ मध्ये पुणतांब्याहून फाटा काढून साईनगर शिर्डी स्टेशन झालं आणि जिल्ह्याला पहिल्यांदा ‘शेवटचं’ स्टेशन मिळालं, जिथे गाडी थांबते म्हणजे थांबतेच. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारतही येते, नाशिक रोड, मनमाड अशी. देवाच्या भक्ताला जे १४ वर्षांत मिळालं ते जिल्ह्याच्या मुख्यालयाला नाही, असं नगरमध्ये कुरकुरत बोललं जातं. कुरकुर अगदीच गैर नाही. पण गर्दी जिथे दिसते तिथे गाडी जाते, आणि नगर–पुण्याची गर्दी एसटीनं इतक्या इमानानं उचलली की रेल्वेला ती दिसलीच नाही.

नगरहून सुटणारी आणि नगरलाच परतणारी गाडी आली ती भलत्याच दिशेनं. पूर्वेनं. नगर–बीड–परळी वैजनाथ हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला तेव्हा खर्चाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता. पुढे तो ४,८०० कोटींवर गेला. निम्मा भार राज्यानं उचलायचा ठरला. बीड जिल्ह्यात त्यावर किती निवडणुका लढवल्या गेल्या त्याचा हिशेब कुणी केला तर तोही बराच भरेल. रूळ पुढे सरकले ते टप्प्याटप्प्यानं: आधी नारायणडोह, मग सोलापूरवाडी, मग कडा, आष्टी. २३ सप्टेंबर २०२२ ला नगर–न्यू आष्टी डेमू सुरू झाली, अंतर ६६ किलोमीटर. वर्षभरानंतर, १६ ऑक्टोबर २०२३ ला, याच गाडीच्या पाच डब्यांना नगरजवळ आग लागली. उतारू थोडे होते, सगळे सुखरूप उतरले. उतारू थोडे होते, हे वाक्य बातमीत दिलासा म्हणून छापलं गेलं. मला त्यात गाडीचं दुखणंही दिसलं. आष्टीच्या माणसाला ज्या वेळी नगरला पोचायचं असतं त्या वेळी ती पोचत नव्हती.

१७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीडहून पहिली गाडी नगरकडे निघाली. स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षांनी एका जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे आली म्हणून बीडमध्ये लोक फलाटावर मुलांना खांद्यावर घेऊन उभे होते. सुरुवातीच्या वेळापत्रकात या १६७ किलोमीटरना साडेपाच तासांच्या आसपास लागत होते. एसटी याहून पुष्कळ लवकर पोचवते. तरी लोक बसले. तिकीट स्वस्त, आणि बीडमधून रेल्वेत बसायचं होतंच.

त्याच महिन्यात नगरच्या स्टेशनचं नावही बदललं. जिल्ह्याचं ‘अहिल्यानगर’ हे नाव २०२४ मध्ये झालं होतं, जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या नावे. फलाटावरच्या पाट्या २०२५ मध्ये रंगल्या. बोलताना मात्र ‘अहमदनगर’ आणि ‘अहिल्यानगर’ या दोन्ही नावांतला सामाईक शेवट, ‘नगर’, तसाच चालू आहे.

आता आणखी एक नकाशा पुढे आला आहे. पुणे–नाशिक वेगवान रेल्वे संगमनेरवरून जायची होती. नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिला रेल्वेच्या विद्युत लहरींचा त्रास होईल म्हणून तो मार्ग अडला. रेल्वेनं नवा सुचवला तो नाशिकहून शिर्डी, पुणतांबे, निंबळक, नगर आणि तिथून चाकणकडून पुणे असा. संगमनेर-अकोलेकरांनी अर्थातच आंदोलनं केली. त्यांच्या तालुक्यांना आलेली गाडी हातची चालली होती. नगरकर मात्र थोडे गप्प आहेत. कल्याणहून माळशेज घाटानं नगरला येणाऱ्या रेल्वेची मागणी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे, सर्वेक्षणाच्या बातम्याही वाचल्या आहेत.

दरम्यान बीडची डेमू नगरच्या फलाटाला लागते. पिशव्या, डबे, एखादं आजारी माणूस आधार देत उतरवलेलं. बऱ्याच जणांना पुढे पुण्यालाच जायचं असतं. पुण्याची गाडी कधी, असं कुणी विचारलं तर चौकशीच्या खिडकीतून वेळ सांगितली जाते. विचारणारा घड्याळ बघतो, पिशवी खांद्यावर टाकतो आणि बाहेर रिक्षावाल्याला म्हणतो, ‘माळीवाडा.’