संप मिटल्याची घोषणा झाली, मग एसटी का सुटली नाही?

२० डिसेंबर २०२१. एसटीचा संप सुरू होऊन दोन महिने होत आले होते. ज्या संघटनेने संपाची नोटीस दिली होती, तिच्या नेत्यांनी मुंबईत परिवहनमंत्री अनिल परब यांच्याशी चर्चा केली आणि संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. टीव्हीवर पट्टी फिरली. पण आझाद मैदानात बसलेले कर्मचारी उठले नाहीत. संप पुढे एप्रिलपर्यंत चालला.

नेत्यांनी माघार घ्यायची आणि कामगारांनी ती मानायची नाही, हे त्या आंदोलनात दुसऱ्यांदा घडत होतं. ऑक्टोबरच्या शेवटी संघटनांच्या कृती समितीने महागाई भत्ता २८ टक्के करून घेतला आणि उपोषण सोडलं. तेव्हाही ‘विलीनीकरणाचं काय?’ असं विचारत अनेक आगारांतले कर्मचारी कामावर गेलेच नाहीत.

याची कारणं सांगताना राजकारण, तुटपुंजा पगार, वकिलांची भाषणं यांचा उल्लेख होतो आणि त्या प्रत्येकात तथ्य आहे. पण एका साध्या गोष्टीकडे फारसं लक्ष जात नाही. मंत्र्यांच्या दालनात काय बोलणं झालं, हे आगारातल्या माणसाला निर्णय होऊन गेल्यावर कळत होतं. तेही बातमीतून, नाहीतर फॉरवर्डमधून.

सही काही जणांची, करार सगळ्यांचा

सरकारी कर्मचाऱ्याचा पगार वेतन आयोगाने ठरतो. एसटी कर्मचारी हा महामंडळाचा नोकर, त्यामुळे त्याचा पगार ठरत आला तो वेतन कराराने. करार साधारण चार वर्षांचा. (‘आम्हाला सरकारात विलीन करा’ या मागणीचं मूळ बऱ्याच अंशी या फरकात आहे.)

करार कुणी करायचा, याची चौकट महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने घालून दिली. याचं इंग्रजी लघुरूप ‘एमआरटीयू-पल्प’ कामगारांच्या तोंडी असतं. आधीचे सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असतील, तर संघटनेला मान्यतेसाठी अर्ज करता येतो. मान्यता एकाच संघटनेला मिळते आणि तिने केलेला करार सगळ्यांना लागू होतो. दुसऱ्या संघटनेची पावती फाडणाऱ्यालाही आणि कुठलीच न फाडणाऱ्यालाही. एसटीत तेव्हा असे ९० हजारांहून जास्त लोक होते, सुमारे अडीचशे आगारांत विखुरलेले.

माहिती पोहोचवण्याचा विचार या कायद्यात आहे. मान्यताप्राप्त संघटनेला कामाच्या जागी स्वतःचा सूचना फलक लावायचा हक्क आहे. वाद मिटवण्यासाठी तिथेच सभासदांशी चर्चा करायचा हक्क आहे. कार्यकारिणीच्या दोन बैठकांत तीन महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही आणि ठराव इतिवृत्ताच्या वहीत नोंदवायचे, अशी बंधनंही आहेत. मान्यताप्राप्त संघटना असेल तर संपाच्या नोटिशीआधी तिच्या बहुसंख्य सभासदांचं मत घ्यावं लागतं, नाहीतर संप बेकायदा ठरतो.

पण एक मोठी फट राहिली आहे. संपावर जायचं का, हे सभासदांना विचारणं सक्तीचं आहे. करारावर सही करायची का, हे विचारणं सक्तीचं नाही. मसुदा आधी सभासदांना दाखवायचा की थेट पेढे वाटायचे, हे नेत्यांच्या मर्जीवर.

४,८४९ कोटी म्हणजे माझे किती?

जून २०१८ मध्ये याचा एक नमुना दिसला. १ जूनला, एसटीच्या वर्धापनदिनी, तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी २०१६ ते २०२० या काळासाठी ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. आकडा डोळे दिपवणारा. कर्मचारी साधारण एक लाख आणि महिने ४८ धरले, तर माणशी महिन्याला सरासरी दहा हजार रुपये पडतात.

आता हीच बातमी गावाकडच्या आगारात बसून वाचणाऱ्या कंडक्टरची कल्पना करा. त्याला सरासरीशी देणंघेणं नाही. आपल्या मूळ पगारात किती, भत्त्यात किती, मागची थकबाकी रोख मिळणार की हप्त्यांनी, नव्याने लागलेल्याला किती आणि निवृत्तीला टेकलेल्याला किती, हे त्याला हवं असतं. एकूण रकमेच्या आकड्यातून यातलं काहीच कळत नाही. ८ जूनला राज्यभर गाड्या थांबल्या. कोणत्याही संघटनेने अधिकृत हाक दिलेली नव्हती. निरोप फिरले ते मोबाइलवरून.

उलट २४ नोव्हेंबर २०२१ ची घोषणा बघा. मूळ वेतनात एक ते दहा वर्षं सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षं झालेल्यांना ४,००० आणि त्यापुढच्यांना २,५०० रुपये वाढ. यात प्रत्येकाला आपली ओळ सापडत होती. काही कर्मचारी त्यानंतर कामावर परतलेही. बहुतेक परतले नाहीत, कारण तोवर मागणी पगाराच्या पलीकडे गेली होती आणि कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हाच प्रश्न झाला होता. माहिती स्पष्ट असून भागत नाही, ती वेळेवरही यावी लागते.

शिकागोतले दोन दिवस

नेमक्या अशाच वळणावर दुसरीकडे काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळांतले सुमारे २६ हजार शिक्षक संपावर गेले. आठवड्याभरात तात्पुरता करार तयार झाला. संघटनेच्या अध्यक्ष कॅरेन लुईस यांनी १६ सप्टेंबरला तो शाळाशाळांतून निवडून आलेल्या प्रतिनिधींपुढे ठेवला. प्रतिनिधी म्हणाले, आधी आम्हाला वाचू द्या.

महापौर राम इमॅन्युएल भडकले आणि संप थांबवण्यासाठी कोर्टात गेले. साडेतीन लाख मुलं घरी बसलेली, पालक वैतागलेले. त्यामुळे नेत्यांवर दबाव कमी नव्हता. तरीही शिक्षकांनी शाळांबाहेरच्या फुटपाथवर बसून मसुदा वाचला, त्यावर वाद घातला. १८ सप्टेंबरला प्रतिनिधींनी संप थांबवायला मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरल्या. पुढच्या महिन्यात सर्व सभासदांचं मतदान झालं, त्यात सुमारे ७९ टक्क्यांनी करार स्वीकारला. तो सगळ्यांना आवडला होता असं नाही. पण संप कुणी आणि का थांबवला, हा प्रश्न उरला नाही.

तिकडे प्रत्येक शाळेत संघटनेचा निवडलेला प्रतिनिधी होता, हे विसरून चालणार नाही. एसटीत दोन डझनांच्या आसपास संघटना आणि प्रत्येकीचा वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप, अशा स्थितीत तेच करणं कितीतरी अवघड.

सगळंच सांगायचं का?

नाही. आपण कमीत कमी कितीवर तयार होऊ, हे ग्रुपवर टाकलं की अर्ध्या तासात ते व्यवस्थापनाच्या हातात असतं. वाटाघाटीत एवढी गुप्तता लागतेच आणि समजूतदार सभासदाला ती कळते. पण बैठक कधी झाली, कोण हजर होतं, आपण काय मागितलं, समोरून लेखी काय आलं, कोणत्या मुद्द्यावर अडलंय आणि पुढची तारीख कोणती, यातलं काहीच समोरच्यापासून लपलेलं नसतं. लपतं ते फक्त आपल्याच माणसांपासून. ‘चर्चा सकारात्मक झाली’ या निरोपात यातलं एकही उत्तर नसतं आणि ती रिकामी जागा मग फॉरवर्ड भरतात.

२०२१-२२ च्या संपात हजारो कर्मचारी निलंबित झाले, अनेकांना बडतर्फीच्या नोटिसा गेल्या, महिनोन्‌महिने पगार बंद राहिले. शेवटी ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हा, असं सांगितलं. हजर होणाऱ्यांना नोकरीवरून काढू नये, असंही बजावलं. हा निरोप लेखी होता, त्यावर तारीख होती, आणि कर्मचारी आगारांत परतू लागले.