धुराची किंमत कोणी मोजायची?

स्ट्रासबर्ग येथे ८ जून २०२२ रोजी युरोपीय संसदेने कारखान्यांच्या कार्बन उत्सर्जनावर अधिक कडक बंधने घालणारा प्रस्ताव ३४० विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला. ३४ सदस्य तटस्थ राहिले. विरोधात मत देणाऱ्यांत ही बंधने जाचक वाटणारे उजवे गट होते. तसेच अधिक कडक बंधनांचा आग्रह धरणारे समाजवादी आणि हरित गटही होते. हा विरोधाभास समजून घ्यायचा, तर मूळ व्यवस्था पाहावी लागेल.

युरोपीय संघात २००५ पासून उत्सर्जन परवान्यांचा बाजार चालतो. एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडण्याची मुभा. परवान्यांची एकूण मर्यादा वर्षागणिक घटत जाते. ज्याला अधिक लागतील त्याने ते विकत घ्यावेत, ज्याचे उरतील त्याने विकावेत. मात्र पोलाद, सिमेंट, खते अशा उद्योगांना बरेचसे परवाने मोफत मिळत आले. उत्सर्जन महाग झाले, तर कारखाने सैल नियमांच्या देशांत जातील, युरोपातील रोजगार बुडेल आणि जगातील धूर तेवढाच राहील, असा त्यामागील युक्तिवाद होता. फुकट मिळणाऱ्या वस्तूची काटकसर कोण करणार, हा टीकाकारांचा प्रश्न होता.

युरोपीय आयोगाने जुलै २०२१ मध्ये तोडगा सुचविला. मोफत परवाने टप्प्याटप्प्याने बंद करावेत आणि त्याच प्रमाणात आयात मालावर कार्बन शुल्क लावावे, असा तो होता. खरा वाद मुदतीवरून पेटला. संसदेच्या पर्यावरण समितीला ही सवलत २०३० मध्ये संपवायची होती. सभागृहात मात्र २०३४ पर्यंतची दुरुस्ती संमत झाली. त्यामुळे समाजवादी व हरित गटांनी संपूर्ण प्रस्तावाविरुद्धच मत दिले. दोन आठवड्यांनी, २२ जून रोजी, २०३२ या वर्षावर तडजोड होऊन प्रस्ताव ४३९ विरुद्ध १५७ मतांनी संमत झाला. पुढे सदस्य राष्ट्रांशी झालेल्या वाटाघाटींत डिसेंबर २०२२ मध्ये २०३४ हेच वर्ष परत आले आणि १८ एप्रिल २०२३ रोजी संसदेने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानुसार सवलतीतील कपात २०२६ मध्ये अवघी २.५ टक्के, २०३० मध्ये ४८.५ टक्के आणि २०३४ मध्ये पूर्ण होईल.

या वेळापत्रकाशी भारताचाही संबंध आहे. लोखंड व पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर १ जानेवारी २०२६ पासून कार्बन शुल्काचे दायित्व लागू झाले. ते युरोपातील आयातदारावर असले, तरी त्याची झळ भारतीय पोलाद व ॲल्युमिनियम निर्यातदारांना बसू शकते. मोफत परवाने जसजसे घटतील, तसतसे शुल्क वाढेल. मात्र उत्पादक देशात उत्सर्जनाची किंमत आधीच मोजली असेल, तर तेवढी वजावट मिळण्याची तरतूद आहे.

भारतीय संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यातील दुरुस्तीला मंजुरी देऊन कार्बन क्रेडिट बाजाराचा मार्ग मोकळा केला. जून २०२३ मध्ये त्याची योजना अधिसूचित झाली. येथे मर्यादा एकूण उत्सर्जनावर नाही, तर प्रत्येक टन उत्पादनामागील उत्सर्जनावर आहे. वाढत्या अर्थव्यवस्थेला ही पद्धत सोयीची आहे. परंतु उद्दिष्टे सौम्य राहिली, तर क्रेडिटला भाव मिळणार नाही आणि वजावटही नाममात्र ठरेल. तेव्हा भारतीय कारखान्याच्या धुराची किंमत देशात नव्हे, युरोपच्या सीमेवर वसूल होईल.