रिपोर्ट नॉर्मल, तरीही सावध!

जयपूरच्या मानसरोवर वसाहतीतला मध्यम मार्ग असो की आपल्या गावातला बाजाररस्ता, प्रसंग सारखाच असतो. स्कूटर घसरते, मुलगा डोक्यावर आपटतो, क्षणभर शुद्ध हरपते. मग तो उठतो, कपडे झटकतो आणि म्हणतो, ‘‘मला काही झालं नाही.’’ घरी येऊन तो झोपतो. घरचेही म्हणतात, दमला असेल, झोपू द्या. नेमकी हीच झोप कधीकधी जिवावर बेतते.

कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामधली रक्तवाहिनी फुटली, तर जखमी माणूस काही तास अगदी ठीक दिसू शकतो. आत मात्र रक्त साचत असते. कवटी हाडाची, ती फुगत नाही. सारा दाब मेंदूवर येतो.

यंत्र नव्हते तेव्हा

मार्च 1962 मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त द्यायला वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले, तसेच आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगरही. प्राण वाचले, पण कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

त्या काळी एक्स-रेवर हाडाचा तडा दिसे, आत साचलेले रक्त नव्हे. लक्षणांवरून अंदाज बांधूनच डॉक्टरांना कवटीला हात घालावा लागे. पुढे 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन झाला. या कामासाठी 1979 मध्ये त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन तपासण्या, दोन प्रश्न

अपघातानंतर आधी सीटी स्कॅन करतात, कारण तो काही मिनिटांत होतो. हाड मोडले का, रक्त साचले का, ताबडतोब शस्त्रक्रिया हवी का, याचे उत्तर त्यातून मिळते. मात्र त्यात क्ष-किरण वापरले जातात, म्हणून मुलाला लागलेल्या प्रत्येक टेंगळासाठी त्याचा हट्ट धरू नये. गरज आहे की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

पण मेंदूतले बारीक तंतू जोराच्या धक्क्याने ताणले किंवा तुटले, तर सीटीवर पुष्कळदा काहीच दिसत नाही. तिथे एमआरआय उपयोगी पडतो. त्याच्या एका विशेष पद्धतीत रक्तातल्या लोहामुळे अगदी सूक्ष्म रक्तस्रावही काळ्या ठिपक्यांसारखे उमटतात. दुसऱ्या एका पद्धतीत तंतूंच्या बाजूने पाण्याचे कण कसे सरकतात ते मोजून तंतूंची स्थिती ताडली जाते. ही पद्धत अजून मुख्यतः संशोधनातच वापरतात. केवळ तिच्यावरून एखाद्या रुग्णाचा निकाल देता येत नाही.

शिवाय सौम्य इजेत दोन्ही तपासण्या नॉर्मल येऊ शकतात, आणि तरीही रुग्णाला त्रास होत असतो. तो चिडतो, विसरतो, त्याला उजेड आणि आवाज सहन होत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. ‘रिपोर्ट तर चांगला आहे, मग नाटक कशाला?’ असे घरात बोलले जाते. हे बोलणे अन्यायाचे आहे. त्याला विश्रांती हवी, धीर हवा आणि पुन्हा डॉक्टरांची भेट हवी.

घरच्यांनी काय पाहावे?

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, अडखळते बोलणे, हातापायांत अशक्तपणा, लहानमोठ्या बाहुल्या, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणे, हाक मारूनही नीट जाग न येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रक्त पातळ करणारी गोळी घेणारे आजोबा न्हाणीघरात पडले, तर साधे वाटले तरी त्यांना दाखवून आणा. वृद्धांमध्ये रक्त हळूहळू साचून काही आठवड्यांनीही त्रास सुरू होऊ शकतो.

यंत्र त्या घटकेचे चित्र दाखवते. पुढच्या रात्री आणि पुढचे आठवडे पाहायचे काम घरच्या माणसांचेच. आणि बाहेर पडताना हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट आवळला आहे ना, हेही त्यांनीच पाहायचे.