टायर काळेभोर, पण कोणत्या सालचे?

ईदच्या आदल्या दुपारी जुन्या जालन्यातल्या गल्ल्यांमधून एक चक्कर मारा. घराघरात शीरखुर्म्याच्या सुक्यामेव्याची गडबड चालू असते आणि दारात पोरं बादली घेऊन गाडी धूत असतात. शेवटी कुणीतरी छोटी बाटली आणतं, स्पंजावर दोन थेंब ओततं आणि चारी टायर काळेभोर करून टाकतं. सात-आठ वर्षांची गाडी कालच शोरूममधून आल्यासारखी दिसू लागते. लग्नाच्या गाडीचंही तेच. फुलांच्या माळा लागण्याआधी टायरला पॉलिश लागतं.

मलाही ही चमक आवडते. पण 2024 च्या मे महिन्यापासून कुठे चमकते टायर दिसले, की मी आधी वाकून त्यावरचे आकडे वाचतो. घरचे हसतात. हसू देत.

झालं असं की माझ्या भाच्याने जुनी गाडी घेतली. एकाच हातची, फार न फिरलेली, आतून स्वच्छ. टायर तर असे चमकत होते की त्याने मला मुद्दाम दाखवले. “मामू, नक्षी बघा, अजून नवीन आहे!” नक्षी खरंच चांगली होती. चारच दिवसांनी मेहकरला वलीमा होता आणि जालन्याहून समृद्धी महामार्गाने जायचं ठरलं. लहान-मोठे मिळून सहा जण, बाहेर मे महिन्याचं ऊन.

आदल्या संध्याकाळी हवा भरायला आम्ही पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने हवा भरली, मग टायरवरून अंगठा फिरवला आणि काळा झालेला अंगठा आम्हाला दाखवला. ओल्या फडक्याने टायरची बाजू जोरात पुसली. चमक निघाली आणि खाली बारीक बारीक चिरा दिसल्या, आटलेल्या तळ्यातल्या मातीला पडतात तशा. “चाचा, हे वाचा,” म्हणत त्याने बोट ठेवलं. टायरवर एका लांबट चौकटीत चार आकडे होते: 3215. म्हणजे 2015 सालचा बत्तिसावा आठवडा. टायर नऊ वर्षांचे व्हायला आले होते.

नक्षी शाबूत आणि टायर म्हातारा, हे कसं? गाडी फिरलीच नव्हती म्हणून. रबर स्वभावतः काळं नसतं. सुरुवातीच्या काळातले टायर फिकट रंगाचे असत. पुढे रबर टिकावं म्हणून त्यात काजळी मिसळू लागले आणि टायर काळा झाला. ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबर तडकू नये यासाठी काही रसायनं आणि मेणही बनवतानाच मिसळलेलं असतं. चाक फिरतं, दबतं, तसं ते आतून हळूहळू वर येतं. हवा लागली की त्याचाच तपकिरी थर दिसतो. म्हणजे ज्याला आपण ‘टायर कळकट झाला’ म्हणतो, त्यातला थोडा भाग टायरचं स्वतःचं औषध असतं. उभ्या गाडीला ते औषध नीट मिळत नाही. वर्षानुवर्षं अंगणात उन्हात उभी असलेली गाडी किलोमीटरमध्ये तरुण दिसते, पण तिचे टायर आतून वाळत जातात.

आता हा टायर समृद्धीवर घ्या. सिमेंटचा सरळ रस्ता, कारला ताशी 120 पर्यंतची मुभा, तासन्‌तास न थांबता धाव. हवा थोडी कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते. चिरा पडलेलं रबर ते किती वेळ सोसणार? गावातल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात हाच टायर आणखी वर्षभर कदाचित निभावून गेला असता. आम्ही वलीम्याला एसटीने गेलो. भाच्याचं तोंड दिवसभर उतरलेलं होतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पॉलिश जरूर लावा, पण धुतल्यावर आणि लावण्याआधी टायर पाहा. ओला टायर पुसून कोरडा केला की तो सगळं सांगतो. तारीख पाहा. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराला दाखवा आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर बदला, असं बहुतेक टायर कंपन्या सांगतात. आपल्या उन्हात मी तर दहाची वाट पाहणार नाही. नक्षीच्या खाचांमध्ये मध्येमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, तर टायर संपला. कारसाठी किमान 1.6 मिलिमीटर नक्षी हवी, असा नियमच आहे. बाजूला फुगवटा दिसला तर मग कुठलाच हिशोब करू नका, तो टायर काढा.

लावायची पद्धत अवघड नाही. गाडी सावलीत, टायर थंड. नळाला रोज पाणी येत नाही अशा आपल्या शहरात पाइप सोडून धुण्याची चैन नको. एक बादली, थोडा शाम्पू आणि कपड्यांचा ब्रश चारी टायरला पुरतो. काळ्या मातीचा चिखल आधी भिजू द्या, मग घासा. जुनं पॉलिश आणि तपकिरी थर निघेपर्यंत फेस मळका येतो. टायर पूर्ण वाळल्यावर पॉलिश स्पंजावर घ्या आणि फक्त बाजूला पातळ फिरवा. पंधरा-वीस मिनिटांनी जुन्या बनियनने जास्तीचं पुसून घ्या. हे पुसणंच लोक विसरतात आणि मग गाडी निघाली की दारांवर काळे शिंतोडे उडतात. दुधासारखं पांढरं, पाण्यात बनवलेलं पॉलिश घेतलेलं बरं. ते तेलकट पॉलिशइतकं चकाकत नाही, पण धूळही कमी धरतं.

जमिनीला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेकच्या चकतीवर एक थेंबही नको. स्कूटर-मोटारसायकलच्या टायरला तर लावूच नका. वळताना ती कलते आणि टायरची कडही रस्त्याला टेकते. पोरांना हे स्पष्ट सांगा, कारण उरलेली बाटली हमखास बाइककडे वळते.

आणि डिझेल, रॉकेल, जळकं इंजिन ऑइल? आमच्या लहानपणी ट्रॅक्टरच्या टायरला लावलेलं मी पाहिलंय. दोन दिवस झकास दिसतं. पण खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं, खराब होतं.

गाडी विकणाऱ्यांशीही एक बोलायचं आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, ही हदीस आपण मुलांना सांगतो. भिजलेला भाग वर, गिऱ्हाइकाला दिसेल असा का ठेवला नाही, असं त्या व्यापाऱ्याला विचारलं गेलं. विकायच्या गाडीला धुवा, चमकवा, त्यात काही गैर नाही. पण टायर नऊ वर्षांचे आहेत हे तोंडाने सांगा आणि किंमत त्या हिशोबाने धरा. भाच्याला कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. विकणाऱ्याने स्वतः तरी ते आकडे कधी वाचले होते की नाही, कुणास ठाऊक.

भाच्याने चारी टायर बदलले. बजेट कोलमडलं. बकरी ईदच्या आदल्या दिवशी त्याने नव्या टायरांना पातळ हाताने पॉलिश लावलं, पुसलं आणि फोटो पाठवला. मी उत्तरात विचारलं, “स्टेपनी पाहिलीस का?” बराच वेळ काही आलं नाही. मग डिकीतल्या अंधारात काढलेला दुसरा फोटो आला. धुळीने माखलेला टायर, एकदाही न वापरलेला, आणि त्यावर तेच आकडे: 3215.