शाही बायबलचा गोवा ते फत्तेपूर सीक्री प्रवास : एका प्रबोधनकालीन ग्रंथाची बांधणी आणि तिचा अर्थ

प्रस्तावना :

मांडवी म्हणजे मालावरील जकात घेण्याचे ठिकाण. रत्नागिरीच्या मांडवीप्रमाणे पश्चिम किनाऱ्यावरील अनेक जागांना हे नाव पडलेले आढळते. या किनाऱ्यासमोरून शतकानुशतके मसाले, कापड, घोडे यांची ने-आण झाली. नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून दमणकडे निघालेले एक पथकही समुद्रमार्गे याच किनाऱ्याला समांतर उत्तरेस गेले. रत्नागिरीचा मुलूख त्या वेळी आदिलशाहीच्या अमलाखाली होता. पथकात रोडोल्फो अक्वाविवा, अँटोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे तीन जेझुइट धर्मगुरू होते. बादशहा अकबराने गोव्यास वकील धाडून विद्वान धर्मगुरू आणि त्यांचे धर्मग्रंथ मागवले होते. त्यानुसार फत्तेपूर सीक्रीस पोहोचलेला ग्रंथ म्हणजे अँटवर्पचे ‘शाही बायबल’ होय. या ग्रंथाच्या बाह्य रूपाने दरबारात कोणते कार्य केले आणि त्याच्या अंतरंगातील काय तेथे रुजले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथ आणि त्याची बांधणी :

हे बायबल क्रिस्तोफ प्लांतँ या मुद्रकाने १५६८ ते १५७२ या काळात छापले. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा त्यास आश्रय होता, म्हणूनच ‘शाही’ हे विशेषण. संपादनाची देखरेख बेनितो आरियास मोन्तानो या पंडिताकडे होती. हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी व सिरियाक अशा पाच भाषांतील पाठ मोठ्या आकाराच्या आठ खंडांत शेजारी शेजारी मांडले होते. कागदावर सुमारे १२०० प्रती निघाल्या; राजासाठी मोजक्या प्रती चर्मपत्रावर छापल्या गेल्या. निरनिराळ्या लिप्यांचे खिळे एकाच पृष्ठावर जुळवणे हे त्या काळच्या मुद्रणकलेचे अत्युच्च यश मानावे लागेल.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. सोळाव्या शतकात पुस्तके बहुधा सुट्या छापील कागदांच्या रूपात विकली जात. बांधणी ग्राहक आपल्या ऐपतीप्रमाणे करून घेई. त्यामुळे मजकूर सर्व प्रतींत एकच असला, तरी बांधणीवरून ती प्रत कोणासाठी होती हे उमगते. लाकडी फळ्या किंवा जाड पुठ्ठा, त्यावर ताणलेले चामडे, तापवलेल्या ठशांनी उमटवलेली सोनेरी नक्षी आणि पाने दबून राहावीत म्हणून धातूचे आकडे, अशी त्या काळच्या उंची बांधणीची रचना असे. अकबराला दिलेली प्रत मौल्यवान बांधणीची व सोन्याच्या आकड्यांची होती, असे जेझुइट वृत्तांतांत नमूद आहे.

चामड्यावर सोनेरी ठसे उठवण्याची ही कला मुळात इस्लामी जगतातून पंधराव्या शतकात इटली व स्पेनमार्गे युरोपात पसरली होती. म्हणजे जी वस्तू ‘फिरंगी’ म्हणून सीक्रीस आली, तिच्या अंगावरील अलंकार दरबारी जिल्दसाजांना अगदीच परका वाटला नसावा. आपल्याकडील पोथीची परंपरा याहून निराळी. तिची पाने सुटी, वरखाली फळ्या आणि भोवती बासन. तेथे वैभव बांधणीत नसून गुंडाळण्याच्या वस्त्रात असते.

मार्च १५८० च्या आरंभी सात खंड बादशहापुढे ठेवण्यात आले. त्याने एकेक खंड हाती घेऊन त्याचे चुंबन घेतले व तो मस्तकी धरला. शुभवर्तमान कोणत्या खंडात आहे हे विचारून त्या खंडास त्याने पुन्हा तसाच मान दिला. धर्मगुरूंनी यात धर्मांतराची चाहूल पाहिली. परंतु पोथी कपाळाला लावणाऱ्या समाजास या कृतीचा अर्थ सहज कळतो : पूज्य ग्रंथास वंदन करणे म्हणजे त्यातील मत स्वीकारणे नव्हे. १५८३ मध्ये अक्वाविवा गोव्यास परतला आणि त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळी येथे मारला गेला. बादशहाचे धर्मांतर झाले नाही. १५९५ मध्ये लाहोरास आलेल्या पुढील पथकाच्या हवाली त्याने आपल्याकडील युरोपीय ग्रंथ केले, त्यांत हे बायबलही होते.

चित्रांचा प्रभाव :

मजकूर दरबारात कोणास वाचता येत नव्हता. चित्रे मात्र सर्वांना वाचता येत होती. पहिल्या खंडाच्या आरंभीच्या ताम्रपट मुद्राचित्रात सिंह, बैल, लांडगा व कोकरू एकत्र दाखवले आहेत. दुसऱ्या एका चित्रात राजाची धर्मनिष्ठा स्त्रीरूपाने साकारली आहे. त्या स्त्रीआकृतीवरून बसावन या श्रेष्ठ चित्रकाराने केलेले रेखाचित्र पॅरिसच्या गिमे संग्रहालयात आहे. सिंह-कोकराच्या प्रतिमेचा माग एब्बा कोख या कलेतिहासकार विदुषीने पुढील मोगल चित्रांत काढला आहे. अबुल हसनच्या प्रसिद्ध चित्रात जहांगीर व शाह अब्बास आलिंगन देत असताना त्यांच्या पायांखाली सिंह आणि कोकरू पहुडलेले दिसतात. फिलिपची धर्मनिष्ठा वाखाणण्यासाठी योजलेले रूपक जहांगीराच्या न्यायाचे चिन्ह झाले.

चित्रे उचलली गेली. छापण्याची कला मात्र उचलली गेली नाही. यास केवळ उदासीनता म्हणणे न्याय्य होणार नाही. नस्तलीक लिपीची एकमेकांत गुंतलेली वळणे सुट्या खिळ्यांत बसवणे कठीण होते आणि दरबारात सुलेखनकाराचा मान चित्रकाराहूनही मोठा होता.

गोव्यातील मराठी :

अधिक विचार करायला लावते ती गोव्यातील स्थिती. तेथे १५५६ मध्येच मुद्रणयंत्र आले होते. गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ मध्ये तेथेच छापला गेला. अक्वाविवाचे पथक निघण्यापूर्वी काही आठवडेच, ऑक्टोबर १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरला होता. अनेक भाषांचे खिळे एका पृष्ठावर जुळवणारा ग्रंथ उत्तरेस गेला, पण मराठीचे खिळे काही गोव्यात पडले नाहीत. १६०८ मध्ये स्टीफन्सने जेझुइट संघाचा प्रमुख क्लाउदियो अक्वाविवा, म्हणजे रोडोल्फोचाच चुलता, यास पत्र लिहून मराठी लिपीचे खिळे करवून देण्याची विनंती केली. सुमारे ६०० अक्षररूपे २०० पर्यंत आणता येतील, असा हिशेबही त्याने मांडला. ती फलद्रूप झाली नाही. १६१६ मध्ये त्याचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी व्याकरणासाठी देवनागरी खिळे वापरले गेले ते १८०५ मध्ये, श्रीरामपूरच्या छापखान्यात. ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही, तो ग्रंथ हाताने केलेल्या नकलांतूनच टिकला, आणि त्यांपैकी लंडनच्या मार्सडेन संग्रहातील नक्कल देवनागरी लिपीत आहे.